काच बदलायची तर चौकटीसकट

आमच्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानावर बोर्ड आहे. त्यावर मूळ मालकाचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात 'आणि चिरंजीव'. चिरंजीव गल्ल्यावर बसायचे. काच कापायची मुलगी. सव्वीस वर्षं तीच कापत होती आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं फक्त गिऱ्हाइकांना, कारण गिऱ्हाईक गल्ल्यापर्यंतच यायचं आणि कापायचं टेबल मागच्या खोलीत होतं.

माझं शिवणाचं दुकान बरोबर समोर. मशीनवर बसलं की त्या मागच्या खोलीचं दार सरळ दिसतं. त्यामुळे हे सगळं मी रस्त्याच्या या बाजूने पाहिलेलं आहे. जे पाहिलं नाही ते ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकलेलं आहे.

तिला सगळे काचताई म्हणतात. अंगाने किरकोळ, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, डाव्या हाताच्या अंगठ्यावर पांढऱ्या वणांची नक्षी. वडिलांनी तिला आठव्या वर्षी हिरा हातात दिला. हिरा म्हणजे काचेवर रेघ मारायचं हत्यार. "रेघ एकदाच मारायची," ते सांगायचे, "दुसऱ्यांदा मारलीस तर काचेला तू घाबरलेली कळतेस." धाकट्या भावालाही त्यांनी शिकवून बघितलं. त्याने दोन आरसे आणि एक बोट कापून घेतलं आणि बोलण्यात मात्र असा तयार झाला, की आंधळ्याला आरसा विकेल. मग वडिलांनी जे आईबाप करतात तेच केलं. मुलीचं लग्न लावलं आणि दुकान मुलाच्या नावावर केलं.

लग्न तीन वर्षं टिकलं. का मोडलं ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही. एका दुपारी ती एक कपाट घेऊन माहेरी परत आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलापाशी उभी राहिली. पुढे वडील गेले. गिऱ्हाइकं भावाला म्हणत राहिली, "शेठ, हात आहे हो तुमचा!" आणि तोही हसून म्हणत राहिला, "आपली कृपा." मागच्या खोलीतून त्यावर एखाद्या वेळी जोरात काच मोडल्याचा आवाज यायचा. मोडायचीच असलेली काच होती ती, पण इतक्या जोरात मोडायची गरज नव्हती.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी रस्त्याच्या टोकाकडून एक जुना ट्रक आला आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर वेल्डिंगचा काळा चष्मा होता. समोरची काचच नव्हती. धुळीने माणूस इतका माखलेला, की उतरून शिंकला तेव्हा कुठे चेहरा दिसला. ते बिऱ्हाडवाले काका. चाळीस वर्षं लोकांची बिऱ्हाडं एका घरातून दुसऱ्या घरात पोचवण्याचा त्यांचा धंदा. ट्रकला ते थोरली म्हणतात, कारण त्यांच्या थोरल्या मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेला. थोरली मुलगी आता आजी होण्याच्या बेतात आहे, यावरून ट्रकचं वय समजा.

पुढच्या गाडीतून एक लोखंडी पहार निसटली आणि थोरलीच्या काचेत, समोरून बघताना खालच्या डाव्या कोपऱ्यात, घुसली होती. काच गेली, चौकटीचा कोपरा आत चेपला, आणि काका बसले होते त्याच्या वीतभर बाजूने पहार मागच्या पत्र्यात रुतली.

"बारा दिवसांनी तपासणी आहे," ते भावाला म्हणाले. "काच नसेल तर गाडी रस्त्यावरून उतरवतील. तीन दुकानं फिरलो. सगळे म्हणतात, या गाडीची काच आता येतच नाही."

"बरोबर म्हणतात," भाऊ म्हणाला. "काका, माझं ऐका. भंगारवाल्याला द्या. चार वर्षांपूर्वीच द्यायला हवी होती."

"तुमचे वडील असते तर असं बोलले नसते."

"वडील असते तर तेही आज भंगारातच निघाले असते," भाऊ म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

मागच्या खोलीचं दार उघडलं. काचताई बाहेर आली, भावाकडे न बघता सरळ ट्रकच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. बंपरवर पाय ठेवून चढली. चौकटीच्या कडेने बोट फिरवलं.

"सपाट काच आहे," ती म्हणाली. "वळण नाही. कापता येईल."

"कोण कापणार?" भावाने विचारलं.

"तुझा हात आहे ना? तूच काप."

रस्त्यावर जे चार जण उभे होते त्यांतल्या एकाला खोकला आला. भावाचे कान लाल झाले. "हे दुकान आहे ताई, धर्मशाळा नाही. करायचं तर दुकानाचं काम संपवून कर."

"दुकानाचं काम मीच संपवते. कधी संपवायचं ते मला कळतं."

ती एवढी हट्टाला का पेटली ते मला नंतर समजलं. ती ज्या दुपारी कपाट घेऊन माहेरी आली, ते कपाट थोरलीतूनच आलं होतं. कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा होता. सासरच्यांनी दारात उभं राहून तमाशा केला. काकांनी एकही प्रश्न न विचारता आरशाभोवती स्वतःच्या दोन गोधड्या गुंडाळल्या आणि वाटेत प्रत्येक खड्ड्याला गाडी माणसाच्या चालीने चालवली. आरशाला ओरखडासुद्धा आला नाही. उतरताना ते एवढंच म्हणाले, "पोरी, आरसा चांगला आहे. आडवा ठेवू नकोस कधी." काकांच्या ते लक्षातही नव्हतं. असली बिऱ्हाडं त्यांनी शेकड्यांनी हलवली होती.

कामाला सुरुवात झाली. चेपलेला कोपरा सरळ करायला ठोक्याला बोलावलं. ठोक्या म्हणजे पत्र्याचं काम करणारा; त्याची शेड रस्त्याच्या वळणावर. दिवसभर ठोकाठोकी, म्हणून ठोक्या. त्याने आतून लाकडी ठोकळा लावून कोपरा बाहेर काढला, वरून रंगाचा हात मारला आणि म्हणाला, "घ्या. नवरीसारखी झाली."

काचताईने पुठ्ठ्याचा साचा काढला. गाडीची काच साधी नसते. दोन पातळ काचांच्या मधे प्लॅस्टिकचा पडदा असतो, म्हणजे फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. ती कापायची म्हणजे वरून रेघ मारून मोडायची, उलटी करून बरोबर त्याच रेघेवर खालून रेघ मारायची, तीही मोडायची, मग फटीत स्पिरिटची धार सोडून काडी लावायची. निळी ज्योत रेघेवरून पळत जाते, पडदा मऊ होतो, आणि पात्याने तो सोडवायचा. हे मी दारातून पाहिलं. चारही बाजूंना तिचा हात एकदाही थांबला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काच बसली. खालच्या बाजूला जरा जास्त दाबावी लागली, पण बसली. काका सीटवर बसून नुसते समोर बघत राहिले. भाऊ दुकानातून म्हणाला, "वा! आता शंभर वर्षं बघायला नको."

सकाळी मी शटर उघडलं तेव्हा काका ट्रकपाशी उभे होते आणि त्यांची टोपी हातात होती. काचेच्या डाव्या कोपऱ्यातून एक रेघ निघाली होती. केसाएवढी. वर चढत, वळत, बरोबर चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येऊन थांबलेली. रात्रभर कुणी हात लावला नव्हता. काच आपली आपणच गेली होती.

भाऊ बाहेर आला. कमरेवर हात ठेवून त्याने ती रेघ नीट पाहिली. "सांगितलं होतं," तो म्हणाला. "सगळ्यांदेखत सांगितलं होतं. आरसे आणि खिडक्या कापणं वेगळं, गाडी वेगळी. हे बाईमाणसाचं काम नव्हे." आणि मग रस्त्याला ऐकू जाईल असं, "आमच्या दुकानाची हमी नाही हं काका यावर!"

काका म्हणाले, "राहू दे पोरी. तू केलंस, तेच खूप झालं. थोरलीचे दिवस भरले असतील."

काचताई वळली. मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी काच मोडल्याचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. खरं सांगतो, मला वाटलं संपलं.

दुपारी ती माझ्या दुकानात आली. डोळे सुजलेले, पण चष्मा नाकावर. "मास्तर, टेप द्या."

मी माझी कापडी टेप दिली. तिने ट्रकवर चढून चौकटीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घेतलं, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. मग टेप माझ्या अंगावर फेकली. "ही ताणते! असल्या टेपने कपडे शिवता? म्हणूनच माझे ब्लाउज घट्ट होतात."

शेवटी ठोक्याकडून पोलादी टेप आणली. दोन तिरक्या मापांत दीड सेंटिमीटरचा फरक निघाला.

"बघा मास्तर," ती म्हणाली. "काच मी बरोबर कापली. चौकटच वाकडी आहे. जन्मभर खिडक्या केल्या. खिडकीची चौकट भिंतीत असते, ती हलत नाही. म्हणून मी काच मोजली आणि चौकट मोजलीच नाही. चूक माझीच. पण तो म्हणतो ती नाही."

तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर, ठोक्याने मारलेल्या नव्या रंगावर, नुसता टेकवला. तो आत गेला. पत्रा नव्हताच तिथे. वर्षानुवर्षं रबराखाली पाणी मुरून खालची पट्टी गंजून भुसभुशीत झाली होती आणि डावा खांब तिच्यावर बसून खाली खचला होता. पहारेने फक्त निमित्त दिलं.

"चौकट बदलायची," तिने ठोक्याला सांगितलं. "खालची पट्टी पूर्ण, आणि डाव्या खांबाचा खालचा अर्धा भाग."

ठोक्याने दोन्ही हात जोडले. "ताई, चौकटीवर टप बसलाय. खालून चौकट काढली तर टप मांडीवर येईल. आपण असं करू, गंजावर पत्र्याची पट्टी चिकटवू, वर पुट्टी भरू, घासू, रंग मारू. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"काचेला कळेल. काल कळलं ना?"

"मग काच थोडी लहान कापा."

"आणि रबर जाड लावू? आणि पाऊस आत आला की काकांनी छत्री धरून चालवायचं? ठोक्या, तोंडाला पावडर लावून दात दुखायचा थांबत नाही. करायचं नसेल तर नाही म्हण, मी दुसरा बघते."

"दुसरा कोण आहे या गावात?" ठोक्या रागावला. "एकजण सांगा माझ्यासारखा!"

"तेच तर म्हणते मी," काचताई म्हणाली.

थोरली ढकलत ठोक्याच्या शेडमध्ये नेली. पाच दिवस ते काम चाललं. काचताई सकाळी दुकानातली कामं उरकायची, जेवणाच्या सुट्टीत शेडमध्ये, संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये. केबिनच्या आत दोन लाकडी टेकू आणि दोन जॅक लावून टप तोलून धरला. मगच कुजलेली पट्टी कापली. ती हातात आली तेव्हा तिचे तीन तुकडे झाले आणि आतून चहाच्या भुकटीसारखा गंज खाली सांडला. काकांनी तो झाडून सुपलीत भरला.

ठोक्याने नव्या पत्र्याची पट्टी वाकवली. वेल्डिंगचा एक ठिपका दिला की काचताई म्हणायची, "थांब." तिरकं माप. दुसरं तिरकं माप. दोन मिलीमीटर फरक. जॅकला पाव फेरा. पुन्हा माप. "आता दे." दुसरा ठिपका. "थांब."

"ताई," ठोक्या घाम पुसत म्हणाला, "माझं लग्न ठरवताना माझ्या सासऱ्याने इतकी चौकशी केली नव्हती."

"केली असती तर तुला दिली असती का?"

ज्या दिवशी दोन्ही तिरकी मापं सारखी भरली, त्या दिवशी ठोक्याने स्वतःच टेप मागून घेतली आणि पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. कुणी बघत नाही असं वाटून त्याने त्या जोडावर थोपटलं. लाल रंगाचा हात मारला आणि यावेळी नवरीबिवरी काही म्हणाला नाही.

आता काच हवी होती. तपासणीला तीन दिवस उरले होते.

भाऊ गल्ल्यावरून उठलाच नाही. "एक फुकट घालवलीस. दुसरी मिळणार नाही."

"मी विकत घेते."

"विकायची नाही. या दुकानातून त्या गाडीला आता सुतळीसुद्धा जाणार नाही. लोक हसतात ताई! चारचौघांत माझं नाव आहे."

दार उघडंच होतं. मी शिवण थांबवली होती हे कबूल करतो. काचताईने जाड कापडाचा एप्रन सोडला, घडी केली आणि काउंटरवर ठेवला. "तुझं नाव आहे, खरं आहे. सव्वीस वर्षं मीच घासून चकचकीत ठेवलंय. बाबांनी दुकान तुला दिलं, मी चकार शब्द काढला नाही. पण हात त्यांनी मला दिलाय. दुकानातून काच निघत नसेल तर हात निघतो." तिने खिशात हिरा टाकला आणि पायऱ्या उतरली.

"कुठे जाशील?" भाऊ ओरडला.

"सध्या काच आणायला!"

पुढचं काकांनी मला सांगितलं. ते आणि ती एका ओळखीच्याचा टेम्पो घेऊन घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात गेले. या गोदामातूनच भावाच्या दुकानाला माल यायचा, पण काचताईने तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. व्यापाऱ्याने विचारलं, "कुठल्या दुकानासाठी?"

"माझ्यासाठी."

"म्हणजे कुठलं दुकान?"

"दुकान नाही. मी."

व्यापारी म्हणाला की तो अनोळखी माणसाला गाडीची काच देत नाही, बसवणाऱ्याला कळत नाही आणि मग तक्रार गोदामावर येते. काचताईने वाद घातला नाही. मांडून ठेवलेल्या काचांच्या कडेने चालत गेली, एकीपाशी थांबली, डोकं तिरपं केलं आणि म्हणाली, "हिच्यात पडद्याला वरच्या अंगाला बुडबुडा आहे. ही विकू नका. तिच्या मागची द्या." मग सवयीने एका चिठ्ठीवर 'वरच्या अंगाला बुडबुडा' असं लिहून ती त्या काचेवर चिकटवली. व्यापारी ते अक्षर बघून थबकला. आत गेला आणि एक जुनी फाइल घेऊन आला. वर्षानुवर्षं भावाच्या दुकानातून परत येणाऱ्या सदोष काचांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या: 'तळाशी बुडबुडा', 'डाव्या कडेला लाट', 'पडदा सुटतोय'.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"या चिठ्ठ्यांवरून मी कारखान्याशी भांडतो. एकदाही चुकीची निघाली नाही. मी समजत होतो शेठच..." तो थांबला. "कुठली म्हणालात? मागची ना?"

इकडे दुकानात त्या दिवशी भावाने स्वतः एक आरसा कापायला घेतला. दोन रेघा मारल्या. आरसा तिसऱ्याच ठिकाणी मोडला. मग त्याने गिऱ्हाइकाला सांगितलं, "कारागीर सुट्टीवर आहे." सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुकानात कारागीर नावाचं कुणी असल्याचं गिऱ्हाइकाला समजलं.

काच शेडमध्ये कापली. बसवायची ती अकराव्या दिवशी सकाळी. हे काम तिघांचं. काचेच्या कडेला रबर चढवतात, रबराच्या खाचेत एक मजबूत दोरी फिरवून तिची टोकं केबिनच्या आत सोडतात. बाहेरून दोघांनी काच दाबून धरायची आणि आतून एकाने ती दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ चौकटीवरून आत सरकत जातो. घाईने ओढलं तर रबर फाटतं, सोडलं तर काच बाहेर येते. बाहेर काचताई आणि ठोक्या. आतलं काम काकांचं. पण पाच दिवस टेकू आणि जॅक हलवून त्यांचा खांदा धरला होता. हात वर जाईना.

मी पुढे झालो, तर शेडच्या दारातून आवाज आला, "वन्सं, मी ओढू?"

भावाची बायको. हातात डबा होता; नणंदेला जेवण द्यायच्या निमित्ताने आली होती. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिने कधी दुकानाची मागची खोलीसुद्धा पाहिली नव्हती. काचताईने तिच्याकडे एकदा पाहिलं. "बांगड्या काढ. बोटांना कापडाची पट्टी गुंडाळ. मी म्हणेन तेव्हाच ओढायचं."

वहिनी केबिनमध्ये चढली. साबणाचं पाणी लावलं, काच टेकवली. "ओढ. हळू. थांब. ओढ." खालची बाजू आत गेली. डावा कोपरा आला, तोच, जिथून आधीची काच तडकली होती. त्याच क्षणी भाऊ शेडच्या दारात.

"घरी चल," तो बायकोला म्हणाला.

वहिनीने काचेतून त्याच्याकडे पाहिलं. "दोरी हातात आहे."

"मी काय म्हणतोय? चल."

"ऐकलं मी. दोरी सोडली तर काच पडेल. काम झालं की येईन." आणि मग, मी तिचा एवढा मोठा आवाज कधी ऐकला नव्हता, "तोवर दारातून बाजूला व्हा, उजेड अडतोय!"

तो बाजूला झाला. खिशात हात घालून उभा राहिला. मदतीला आला नाही आणि गेलाही नाही. रबराचा ओठ डाव्या कोपऱ्यावरून सरकला, वरच्या कडेने धावत गेला, उजव्या बाजूने खाली आला, आणि दोरीचं दुसरं टोक टप् करून वहिनीच्या मांडीवर पडलं. कुठेच दाबावं लागलं नाही. ठोक्याने काच सोडली, मग काचताईने सोडली. ती आपली आपण उभी होती.

वहिनीच्या बोटांना दोरीचे वळ उठले होते. ती ते सगळ्यांना दाखवत होती.

बाराव्या दिवशी पहाटेच काकांनी थोरली खडी टाकलेल्या वाटेवरून मुद्दाम पळवली. काच गप्प. तिथून सरळ तपासणीच्या कार्यालयात. मीही गेलो, दुकान बंद ठेवून गेलो, कारण असलं काही रोज घडत नाही.

तपासनीस काकांच्या नातवाच्या वयाचा. थोरलीभोवती फिरत म्हणाला, "ही अजून रस्त्यावर आहे?"

"तुम्ही नव्हता तेव्हापासून आहे," काका म्हणाले.

त्याने ब्रेक पाहिले, दिवे पाहिले. काचेवर बोटाने टकटक केली, चौकटीच्या खालच्या पट्टीवर हातोडीचं टोक मारून पाहिलं. खणखणीत वाजलं. मग नळी लावून दोन मिनिटं पाण्याचा फवारा मारला आणि आत जाऊन रबराखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच आला. खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"कुणी बसवली?"

त्याने ठोक्याकडे पाहिलं. ठोक्याने अंगठा काचताईकडे केला.

"यांनी?" तो हसला. "नाही, खरंच कुणी?"

"खरंच मी," काचताई म्हणाली. "चौकट याने जोडली, मापं माझी. दोरी माझ्या भावजयीने ओढली. अजून काही विचारायचंय, की पुन्हा पाणी मारताय? मारा. आम्ही थांबतो."

तो ओशाळला. फॉर्म काढला. "दुकानाचं नाव सांगा."

"दुकान नाही. बसवणाऱ्याचं नाव असा रकाना आहे ना? तो भरा." आणि तिने आपलं नाव सांगितलं. पाळण्यात ठेवलेलं, आणि पुढे मागे कुणाचंही काही न जोडलेलं. तपासनीस पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला. ती म्हणाली, "एवढंच आहे. मावलं रकान्यात?"

थोरलीला पुढचं वर्ष मिळालं.

पंधरा दिवसांनी भाऊ ठोक्याच्या शेडमध्ये आला. काय काय बोलायचं ते ठरवून आला असावा, पण तोंडातून निघालं एवढंच. "आरसे पडून आहेत," तो म्हणाला. "गिऱ्हाइकं विचारतात."

"काय विचारतात?"

"कारागीर कधी येणार."

"मग सांग त्यांना कारागीर कोण आहे. तू सांगितलंस हे मला दुसऱ्याकडून कळलं, की आठवड्यातले दोन दिवस सकाळी येईन. बाकीचे दिवस मी इथे."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग कापत बस. बाबा म्हणायचे, सरावाने येतं. तुला पन्नाशीपर्यंत येईल."

त्याला सांगायला महिना लागला. पण सांगितलं, मी साक्षीदार आहे. एका गिऱ्हाइकाने नेहमीप्रमाणे "शेठ, हात आहे तुमचा" म्हटलं आणि तो छताकडे बघत, जणू छताशीच बोलतोय असा, म्हणाला, "हात ताईचा आहे. माझं तोंड आहे." दुसऱ्या सकाळी ती आली आणि दोन तासांत महिन्याचे आरसे कापून गेली.

आता शेडच्या एका बाजूला तिचं टेबल आहे. वहिनी आठवड्यातून तीन दिवस दोरी ओढायला येते आणि तिला त्या कामाचा असा गर्व आहे, की ठोक्यालासुद्धा शिकवते. भाऊ-बहिणीत पूर्वीचा गोडवा आहे असं मी म्हणणार नाही. पूर्वी तरी कुठे होता? पण आता भांडतात ते समोरासमोर, आणि बहुतेक वेळा तोच आधी गप्प होतो.

परवा एकजण जुनी बस घेऊन आला. काच वळणदार, दोन्ही टोकांना वाकलेली. काचताईने बराच वेळ तिच्या कडेवरून हात फिरवला.

"वळणाची काच मला येत नाही," ती म्हणाली.

बसवाला म्हणाला, "मग भंगारातच द्यावी म्हणतो."

"मी येत नाही म्हणाले. होत नाही म्हणाले का?" तिने चष्मा नाकावर चढवला आणि ठोक्याकडे हात पुढे केला. "टेप आण. आणि काच भट्टीत घालून वाकवणारा कोण आहे, किती लांब आहे, ते काकांना विचार. उद्या सकाळी निघू."